'पॅकेड' की 'पॅक्ट'? इंग्रजी भूतकाळाच्या शेवटी येणाऱ्या 'ईडी'चा उच्चार कसा ठरतो?

बेदाणावाला, तासगाव (जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. मी तासगावात बेदाण्याच्या एका पेढीवर अकरा वर्षे कामाला आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, इंग्रजीशी ओळख पाचवीत झाली आणि ती पुढे मुख्यतः फळ्यापुरतीच राहिली. परदेशी खरेदीदारांना ईमेल लिहिताना माझे फारसे अडत नाही. अडते ते फोनवर, आणि तेही एकाच ठिकाणी.

आमच्या कामाची भाषा जवळजवळ सगळी भूतकाळाची आहे. द्राक्षे द्रावणात बुडवली, शेडवर वाळवली, बेदाणा निवडला, त्याची प्रतवारी केली, धुतला, पेट्यांत भरला, रवाना केला, असा सगळा हिशेब समोरच्याला द्यावा लागतो. गेल्या हंगामात मी घाईघाईत 'पॅक' आणि 'शिप' एवढेच म्हणालो असणार, कारण खरेदीदाराने दोनदा विचारले की कंटेनर निघाला आहे की निघणार आहे, आणि मी दोन्ही वेळा तेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात म्हटले. तेव्हापासून शेवटचे 'ईडी' स्पष्ट ऐकू गेलेच पाहिजे, असे ठरवून मी 'पॅकेड', 'शिपेड', 'वॉशेड' असे म्हणू लागलो.

दिवाळीत साताऱ्याची भाची आली होती. ती इंग्रजी माध्यमात सातवीत शिकते. माझा फोन ऐकून ती म्हणाली, "मामा, पॅकेड नाही, पॅक्ट." मी विचारले, मग 'ग्रेडेड' आणि 'सॉर्टेड' म्हणताना तू स्वतः 'एड' कसे म्हणतेस? तिला कारण सांगता आले नाही. तसेच म्हणतात, एवढेच ती म्हणाली. 'ड्राइड' म्हणताना तर तिने 'ट'ही लावला नाही आणि 'एड'ही नाही, नुसता 'ड' लावला. अक्षरे तीच असताना उच्चार तीन कसे, आणि कोणता कुठे करायचा हे प्रत्येक शब्द पाठ न करता ओळखता येते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

इंग्रजीच्या बाई, सातारा

आपल्या भाचीचे तिन्ही उच्चार बरोबर आहेत, आणि तिला नियम सांगता आला नाही यातही आश्चर्य नाही. आपल्यालाही 'घोडा' शब्दाचे 'घोड्याला' का होते हे कोणी अचानक विचारले तर सांगता येत नाही. नियम मात्र आहे, तो लहान आहे, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला तो इंग्रजी माध्यमातल्या मुलांपेक्षा लवकर समजतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

आपण शाळेत व्यंजनांचे कठोर आणि मृदू असे वर्ग शिकलो आहोत. क, च, ट, त, प ही कठोर. ग, ज, ड, द, ब ही मृदू. त्या वेळी परीक्षेपुरते पाठ केलेले हे वर्गीकरण इथे उपयोगी पडते. गळ्यावर दोन बोटे ठेवून 'स्स्स' असा आवाज लांबवा, मग 'ज़्ज़्ज़' असा, म्हणजे 'जहाज' शब्दातल्या 'ज'च्या जवळचा, लांबवा. पहिल्या वेळी गळा शांत राहतो, दुसऱ्या वेळी बोटांना कंप जाणवतो. कंप नसलेला ध्वनी कठोर, कंप असलेला मृदू. श, स आणि इंग्रजी 'फ' हे कठोरांत येतात. म, न, ल, र, व आणि सगळे स्वर मृदूंत येतात.

आता मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी पाहा. तो कठोर असेल तर 'ईडी'चा उच्चार 'ट' होतो, आणि मृदू असेल तर 'ड'. राहिली 'ट' आणि 'ड' यांनीच संपणारी क्रियापदे. 'सॉर्ट'ला आणखी एक 'ट' किंवा 'ग्रेड'ला आणखी एक 'ड' जोडला तर तो ऐकूच येणार नाही, म्हणून तेवढ्या ठिकाणी मध्ये एक लहानसा स्वर घालावा लागतो. हा स्वर 'ए' नसून अगदी आखूड 'इ' आहे, म्हणजे 'सॉर्टिड', 'ग्रेडिड'. पण आपल्याकडे 'एड' रूढ आहे आणि त्याने कोणाचा गैरसमज होत नाही. बहुवचनाच्या 'एस'चेही असेच आहे: 'कप्स', पण 'बॅग्ज', आणि 'बॉक्स'ला मात्र आपोआप 'बॉक्सेस', कारण 'स'नंतर दुसरा 'स' वेगळा उमटत नाही.

आपल्याच कामाची साखळी घेतली तर बुडवले म्हणजे 'डिप्ट', वाळवले 'ड्राइड', निवडले 'सॉर्टेड', प्रतवारी केली 'ग्रेडेड', धुतले 'वॉश्ट', भरले 'पॅक्ट', वजन केले 'वेड', सील केले 'सील्ड', गाडीत चढवले 'लोडेड', रवाना केले 'शिप्ट'. तिन्ही प्रकार एका कंटेनरमध्ये येतात, त्यामुळे याहून चांगला सराव मला वर्गातही देता येणार नाही.

फक्त एक सावधगिरी बाळगावी. शेवटचे अक्षर नव्हे, शेवटचा ध्वनी पाहायचा. 'लाफ' शब्दाच्या शेवटी लिहिताना 'जीएच' असते, पण ऐकू येतो 'फ', म्हणून 'लाफ्ट'. 'फिक्स'च्या शेवटी 'एक्स' लिहिलेला असला तरी कानाला 'क्स' येतो, म्हणून 'फिक्स्ट'. 'क्लोज' आणि 'रेज' यांच्या शेवटी लिहितात 'एसई', पण म्हणतात मृदू 'ज़', म्हणून 'क्लोज्ड' आणि 'रेज्ड'.

आपण मराठी बोलताना जे इंग्रजी शब्द वापरतो त्यांतही हा नियम नकळत पाळतो. 'लिमिटेड', 'अटेस्टेड', 'अनलिमिटेड थाळी' यांत 'एड' आहे आणि तिन्ही ठिकाणी आधी 'ट'च आहे. जिथे नुसता 'ट' हवा तिथे मात्र आपण तो गाळून टाकतो: 'मिस कॉल', 'फिक्स डिपॉझिट'. खरेदीदाराशी बोलताना आपले नेमके हेच झाले असावे.

निवृत्त संस्कृत शिक्षक, वाई

बाईंनी नियम उत्तम सांगितला आहे. त्याला जोडून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वाईत राहून विषय संस्कृतकडे वळवला नाही तर गावाला कमीपणा येईल, हे एक कारण आहेच. पण खरे कारण असे की, नियम समजूनही मराठी माणसाची जीभ एका विशिष्ट ठिकाणी घसरते आणि त्याचे मूळ आपल्या भाषेच्या सवयीत आहे.

दोन व्यंजने शेजारी आली की त्यांतले एक दुसऱ्यासारखे होऊ पाहते, हे सर्वच भाषांत घडते. कोण कोणासारखे होणार, याची दिशा मात्र वेगवेगळी असते. आपल्याकडे बहुधा पुढचे व्यंजन मागच्याला बदलते. जगत् आणि गुरु मिळून 'जगद्गुरु' होतो, कारण पुढच्या मृदू 'ग'ने मागच्या 'त्'ला मृदू केले. विपद् आणि काल मिळून 'विपत्काल' होतो, कारण पुढच्या कठोर 'क'ने मागच्या 'द्'ला कठोर केले. हे केवळ पोथीतले नाही. 'एकदा' हा शब्द भरभर म्हणून पाहा. तो 'एग्दा' असा बाहेर पडतो. इंग्रजी भूतकाळात मात्र याच्या उलट घडते. तिथे मागचे व्यंजन आपल्या जागी ठाम राहते आणि पुढचा प्रत्यय बदलतो.

आता मराठी माणूस पुस्तकातले 'ईडी' पाहून 'ड' म्हणायचा निश्चय करतो आणि 'लॉक' शब्दाला तो जोडतो. त्याची जीभ सवयीप्रमाणे 'एकदा'च्या वाटेने जाते, 'क'चा 'ग' होतो, आणि कुलूप लावले असे सांगायचे असताना 'लॉग्ड' ऐकू येते, ज्याचा अर्थ नोंद केली असा होतो. हे टाळण्यासाठी काही जण मध्ये स्वर घालतात आणि 'लॉकेड' तयार होते. प्रश्नकर्त्यांचे 'पॅकेड' हे अज्ञानातून आलेले नसून जोडाक्षर सांभाळण्यासाठी काढलेली पळवाट आहे, असे मला वाटते. अशा वेळी मनात 'ड' आणूच नये, सरळ 'ट' लिहिलेला आहे असे समजावे. 'गोष्ट' आणि 'कष्ट' हे शब्द आपण रोज म्हणतो. 'वॉश्ट'चा शेवट त्याहून वेगळा नाही. 'क्त' आणि 'प्त' म्हणणारी जीभ 'क्ट' आणि 'प्ट' म्हणायला अडखळणार नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला अधिक प्रिय आहे. संस्कृतात घडून गेलेली क्रिया दाखवण्यासाठी धातूला 'त' जोडतात. पाणिनीने या प्रत्ययाला 'क्त' म्हटले आणि 'क्तवतु'सह त्याला 'निष्ठा' ही संज्ञा दिली. या 'त'ची रूपे पाहा. तप् या धातूचे 'तप्त' आणि मुच् या धातूचे 'मुक्त' होते, इथे 'त' तसाच राहिला. लभ् या धातूचे 'लब्ध', क्षुभ् या धातूचे 'क्षुब्ध' आणि दह् या धातूचे 'दग्ध' होते, इथे धातूच्या शेवटच्या घोष महाप्राण (म्हणजे मृदू आणि 'ह'ची फुंकर असलेल्या) ध्वनीने प्रत्ययालाच मृदू केले, म्हणजे इंग्रजीसारखीच मागून पुढे जाणारी दिशा. आणि लिख्, पठ्, रक्ष् यांची रूपे होतात 'लिखित', 'पठित', 'रक्षित'. इथे मध्ये 'इ' आला. या 'इ'च्या येण्याला व्याकरणात 'इडागम' म्हणतात. इंग्रजीतल्या 'इड'शी या नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे, पण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावे म्हणून मी त्याचा निःसंकोच उपयोग केला आहे.

साम्य ताणू नये हेही सांगितले पाहिजे. युज् या धातूचे 'युक्त' होताना पुन्हा पुढचा 'त' मागच्या 'ज्'ला कठोर करतो. इडागम कोणत्या धातूला होतो हे धातुपरत्वे ठरते, शेवटी 'ट' किंवा 'ड' असण्याशी त्याचा संबंध नाही. 'द्'पुढे 'त' आल्यावर काय करायचे, हा इंग्रजीसारखाच प्रश्न संस्कृतापुढेही होता, पण तिथे बहुधा वेगळी वाट निवडली गेली: छिद् या धातूचे 'छिन्न', भिद् या धातूचे 'भिन्न' आणि खिद् या धातूचे 'खिन्न'. प्रत्ययाचे नाते मात्र खरे आहे. इंग्रजी भूतकाळवाचक विशेषणातले 'ईडी' आणि संस्कृतातला 'त' हे दोन्ही इंडो-युरोपीय भाषाकुलातल्या एकाच मूळ प्रत्ययातून आले आहेत. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली आहे, तिथे मूळ 'त'चे स्थित्यंतर होऊन शेवटी 'ड' झाला. 'पॅक्ट' म्हणताना तासगावकर आपल्याच घरातला प्रत्यय परत आणत आहेत, असे म्हटले तरी चालेल.

कृष्णाकाठ, सांगली

एवढ्या खोलात जाण्याची खरोखर आवश्यकता आहे का? समोरच्याला माल हवा आहे, उच्चार नको. जगभरचे लोक आपापल्या पद्धतीने इंग्रजी बोलतात आणि व्यवहार चालतात. 'पॅकेड' म्हटले म्हणून कोणाचा कंटेनर परत आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कराडचा, सध्या पुण्यात

कृष्णाकाठ यांचे म्हणणे अर्धे पटते. मी पुण्यात परदेशी ग्राहकांचे फोन घेण्याचे काम सहा वर्षे केले. 'पॅकेड' कानाला वेगळे लागले तरी समोरच्याला समजते. शेवटचा ध्वनी पूर्ण गाळला तर मात्र समजत नाही, कारण मग भूतकाळच उरत नाही. म्हणून चुकायचेच असेल तर जास्तीचे बोलून चुकावे, असा सल्ला मी नव्या मुलांना देत असे.

पण प्रश्नकर्त्यांच्या प्रसंगात एक अडचण आहे, जी शुद्ध उच्चाराने सुटत नाही. समजा आपण 'वी शिप्ट टुडे' असे अगदी निर्दोष म्हणालात. 'शिप्ट'च्या शेवटी 'ट' आहे आणि 'टुडे'च्या सुरुवातीलाही 'ट' आहे. बोलताना हे दोन 'ट' वेगळे उच्चारले जात नाहीत. जीभ एकदाच टेकते, क्षणभर अधिक थांबते आणि सुटते. आज पाठवतो आणि आज पाठवला यांत तेवढ्या क्षणाचाच फरक राहतो, आणि फोनवर तो ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याही हातून निसटतो. त्यांच्या बोलण्यातही दोन व्यंजनांच्या मध्ये सापडलेला हा 'ट' किंवा 'ड' पुष्कळदा गळतो. म्हणजे आपण मोठ्याने बोलूनही उपयोग झाला नाही, यात दोष सगळा आपला नव्हता.

यावर उपाय सोपा आहे. क्रियापदाच्या पुढे स्वराने सुरू होणारा शब्द येऊ द्यावा. 'वी शिप्ट इट' म्हणताना शेवटचा 'ट' पुढच्या स्वरावर उडी मारतो आणि 'शिप्-टिट' असे ऐकू येते. तो गाळायचा म्हटला तरी गळत नाही. तसेच 'पॅक्-टिट', 'वॉश्-टिट', 'सील्-डिट', 'लोडे-डिट'. सरावही असाच करावा, सुटा शब्द घोकू नये. वारही सांगायचा तर 'ऑन मंडे' असा स्वरापासून सुरू करावा. महत्त्वाच्या वेळी 'हॅव' जोडून 'वी हॅव शिप्ट इट' म्हटले की भूतकाळाचा सगळा भार त्या एका 'ट'वर राहत नाही.

कान तयार करण्यासाठी मला जोड्यांचा फार उपयोग झाला. चुकले या अर्थाचे 'मिस्ट' आणि धुके या अर्थाचे 'मिस्ट' यांचा उच्चार एकच आहे. अंदाज केला आणि पाहुणा, दोन्ही 'गेस्ट'. भरले आणि करार, दोन्ही 'पॅक्ट'. गमतीची गोष्ट म्हणजे 'पास्ट टेन्स'मधला 'पास्ट' हा शब्दही मुळात 'पास' क्रियापदाचेच भूतकाळी रूप आहे. फक्त तो उच्चाराप्रमाणे 'टी' लावून लिहिला गेला. व्याकरणाच्या त्या धड्याच्या नावातच उत्तर होते आणि शाळेत ते आम्हाला कोणी दाखवले नाही.

बेदाणावाला, तासगाव (जि. सांगली)

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. कृष्णाकाठ, कंटेनर परत आला नाही हे खरे, पण तो निघाला की नाही हे सांगण्यात माझी पंधरा मिनिटे गेली होती.

दोन दिवस मी बाईंनी दिलेली साखळी कराडकरांच्या पद्धतीने म्हणतो आहे, 'डिप्-टिट' ते 'शिप्-टिट' पर्यंत. शेडवरच्या बायकांनी विचारले, हा कसला मंत्र, आणि आता त्यांच्यातल्या दोघी 'वॉश्-टिट' माझ्याहून चांगले म्हणतात. गळ्यावर बोटे ठेवून पाहणेही चालू आहे. 'फ'च्या वेळी कंप नसतो आणि 'व'च्या वेळी असतो, हे मला या वयात प्रथमच कळले.

दोन शंका राहिल्या आहेत. 'यूज' हे क्रियापद मृदू 'ज़'ने संपते, म्हणून 'यूज्ड' व्हायला हवे. परंतु आमचा एक ग्राहक पूर्वी अमुक करत असे या अर्थी स्पष्टपणे 'यूस्टू' म्हणतो. शिवाय भाचीच्या पुस्तकात एका गोष्टीतल्या दुष्ट माणसाला 'विकेड' म्हटले आहे आणि ती ते 'विक्ट' न म्हणता 'विकिड' असे वाचते. 'क' कठोर असताना तिथे 'इड' कसे आले?

इंग्रजीच्या बाई, सातारा

दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत. वापरले या अर्थी 'यूज्ड'च म्हणायचे: 'वी यूज्ड इट'. पूर्वीची सवय सांगताना मात्र पुढचा 'टू' इतका घट्ट चिकटला आहे की त्याच्या कठोर 'ट'ने मागच्या 'ज़्ड'लाच कठोर करून टाकले. वाईच्या सरांनी सांगितलेली 'विपत्काल'ची दिशा इंग्रजीत अशी क्वचित सापडते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जुन्या इंग्रजीत आहे. चौदाव्या शतकाच्या सुमारास या 'ईडी'तला स्वर सर्वत्र म्हटला जात असे, म्हणजे आपल्या 'पॅकेड'सारखेच लोक बोलत. पुढच्या काही शतकांत तो स्वर बोलण्यातून हळूहळू गळाला आणि लिहिण्यात मात्र राहिला. हा बदल सगळ्यांना रुचला होता असे नाही. जोनाथन स्विफ्ट याने १७१२ मध्ये तक्रार केली होती की, लेखक स्वर गाळून 'डिस्टर्ब्ड' यासारखी रूपे करतात आणि व्यंजनांचा कर्कश ढीग तयार होतो. तेव्हा आपण निदान एका बड्या लेखकाच्या बाजूचे होता.

काही विशेषणांत तो जुना स्वर टिकून राहिला: 'विकिड', 'नेकिड', 'क्रुकिड', 'रॅगिड', 'सेक्रिड'. ही थोडी आहेत आणि ती पाठच करावी लागतात. काही शब्दांचे दोन उच्चार अर्थाप्रमाणे वेगळे होतात. वय वाढले या अर्थी 'एज्ड', पण वृद्ध माणसाबद्दल बोलताना 'एजिड'. 'ली' जोडल्यावरही कधी कधी स्वर परत येतो: 'सपोज्ड', पण 'सपोजिड्ली'.

साताऱ्यात मुलांना मी हे 'कमवा आणि शिका'वरून सांगते, कारण कर्मवीर भाऊराव पाटील यांची ती योजना इथे प्रत्येक घराला माहीत आहे. कमावले म्हणजे 'अर्न्ड', शिकले म्हणजे 'लर्न्ड', दोन्हींत 'न' मृदू असल्याने 'ड'. इंग्लंडमध्ये दुसऱ्याचे 'लर्न्ट' असेही म्हणतात आणि 'टी' लावून लिहितात. पण विद्वान माणसाला 'लर्निड' म्हणायचे, तिथे जुना स्वर अजून जागेवर आहे. आपली भाची पुढच्या वेळी आली की तिला 'लर्न्ड' आणि 'लर्निड' यांतला फरक विचारा. सातवीतल्या मुलांना तो सहसा माहीत नसतो.